तीन दिवसांच्या सुट्टीतील भीमाशंकर पदयात्रा : नियोजन आणि दक्षता

बारा ज्योतिर्लिंगांपैकी एक असलेले श्रीक्षेत्र भीमाशंकर सह्याद्रीच्या माथ्यावर, पुणे जिल्ह्याच्या पश्चिम कडेला, घनदाट अरण्यात वसलेले आहे. मंचर-घोडेगावमार्गे पक्की सडक झाल्यापासून बहुसंख्य भाविक वाहनानेच येतात. तथापि कोकणातून घाटवाटेने चढून येण्याची परंपरा या सडकेहून पुष्कळ जुनी आहे. अलीकडे शनिवार-रविवारला जोडून एखादी सुट्टी आली की कर्जतच्या बाजूने पायी येणाऱ्यांची संख्या वाढते. त्यांत नित्य डोंगर चढणारे असतात, तसेच नवस फेडण्यासाठी प्रथमच पायी निघालेली कुटुंबेही असतात.

ही वाट सुंदर आहे, परंतु सोपी नाही. धुक्यात वाट चुकणे, उतारावर पाय घसरणे, पाणी संपणे व अंधारात रानात अडकणे असे प्रसंग या डोंगररांगेत घडत आले आहेत. बहुतेक वेळा त्यामागचे कारण तब्येत अथवा दैव हे नसून घाई हे असते. सोमवारी सकाळी कामावर हजर व्हायचे असते, म्हणून तीन दिवसांत चार दिवसांचा कार्यक्रम कोंबला जातो. एक टप्पा लांबला की पुढचे सारे टप्पे अंधारात जातात. यासाठी खांडस ते भीमाशंकर आणि भीमाशंकर ते भोरगिरी या पदयात्रेचे नियोजन कसे करावे, याचा विचार येथे केला आहे.

डोंगराची रचना

वाट समजून घेण्यासाठी प्रथम डोंगर समजून घ्यावा. सह्याद्री हा लाव्हारसाच्या थरांवर थर साचून झालेल्या बेसॉल्ट खडकाचा आहे. हे उद्रेक सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी झाले. थर आडवे असल्यामुळे कोकणातून वर येताना चढ सलग लागत नाही. आधी खडी चढण, मग झाडीने भरलेली सपाट पट्टी, पुन्हा उभा कडा व त्यावर माथा, अशा पायऱ्या लागतात. मधल्या सपाट पट्टीस या भागात ‘पदर’ म्हणतात. घाटवाटेजवळ उभा असलेला पदरगड या नावातूनही हा शब्द दिसतो.

नवख्या यात्रेकरूस उभा चढ धोक्याचा आणि पदर विश्रांतीचा वाटतो. वाट मात्र बहुधा पदरावरच चुकते. चढावर पाऊलवाट एकच असते. पदरावर गुरांच्या, लाकूडफाट्याच्या आणि हिरडा गोळा करणाऱ्यांच्या अनेक वाटा फुटतात व त्या सारख्याच मळलेल्या असतात. चढ संपल्याच्या आनंदात गप्पा सुरू होतात आणि वाटेवरचे लक्ष उडते. म्हणून पदरावर सर्वांनी एकत्र चालावे व प्रत्येक फाट्यावर मागच्यांसाठी थांबावे.

दोन वाटा

रायगड जिल्ह्यातील कर्जत रेल्वे स्थानकापासून कशेळेमार्गे खांडस हे गाव सुमारे तीस किलोमीटर आहे. एस.टी. अथवा भाड्याच्या वाहनाने तेथे जाता येते. गावापुढे वाट दुभागते.

पहिली वाट शिडी घाटाची. ही जवळची, पण कड्यावरून जाणारी आहे. अवघड ठिकाणी लोखंडी शिड्या आहेत व काही जागी हातापायांनी खडक धरून चढावे लागते. लहान मुले, वयस्कर मंडळी, प्रथमच डोंगर चढणारे आणि पाठीवर जड ओझे असलेले यात्रेकरू यांनी या वाटेने जाऊ नये. पावसाळ्यात ती कोणीही वापरू नये. ओल्या बेसॉल्टवर शेवाळ धरते व चांगल्या तळव्याचा बूटही त्यावर घसरतो. उतरण्यासाठी तर ही वाट कोरड्या दिवसांतही टाळावी.

दुसरी वाट गणेश घाटाची. ती लांबून वळसा घेत जाते आणि वाटेवरील गणपतीच्या मंदिरावरून तिला हे नाव पडले आहे. पदरगडाला बाजूस ठेवून ती पदरावर येते, पुढे शिडी घाटाच्या वाटेस मिळते आणि तेथून अखेरच्या चढणीने माथा गाठते. कुटुंबासह येणाऱ्यांनी हीच वाट धरावी. खांडस गावातून माहीतगार वाटाड्या सोबत घ्यावा. त्यास योग्य मोबदला आगाऊ ठरवून द्यावा, नुसत्या ‘प्रसादा’वर बोळवण करू नये.

वेळेचा हिशेब

डोंगरातील अंतर किलोमीटरपेक्षा तासांत मोजावे. स्कॉटलंडचे गिर्यारोहक विल्यम नाइस्मिथ यांनी १८९२ मध्ये एक सोपे गणित मांडले : चालण्याच्या दर पाच किलोमीटरला एक तास धरावा आणि चढाईच्या दर सहाशे मीटरला आणखी एक तास मिळवावा. भीमाशंकरची चढाई सुमारे आठशे मीटरची आहे. चालण्याचे अंतर दहा किलोमीटर धरले तर या गणिताने दोन तास अधिक एक तास वीस मिनिटे, म्हणजे तीन तास वीस मिनिटे होतात. परंतु हा हिशेब थंड हवेतील, सराव असलेल्या व न थांबणाऱ्या माणसाचा आहे. सह्याद्रीतील ऊन, पाठीवरील ओझे, विश्रांती व सर्वांची वेगवेगळी चाल धरता गणेश घाटाने पाच ते सहा तास लागतात.

हे तास समूहातील सर्वांत संथ व्यक्तीच्या चालीने मोजावेत. त्यासाठी पहिला टप्पा हीच परीक्षा मानावी. खांडसहून सकाळी सात वाजता निघाल्यास गणपतीच्या मंदिरापर्यंत साधारण दीड तास लागतो. तेथे पोहोचताच घड्याळ पाहावे. दीड तासाच्या जागी तीन तास लागले असतील, तर चाल निम्मी आहे असे समजावे. पुढचा साडेचार तासांचा मार्ग मग नऊ तासांचा होईल व सकाळी दहाला निघालेली मंडळी सायंकाळी सातला माथ्यावर पोहोचतील. डिसेंबरात सूर्यास्त सहाच्या सुमारास होतो आणि दाट झाडीत त्याच्या अर्धा तास आधीच अंधारते. अशा वेळी गणपतीचे दर्शन घेऊन तेथूनच मागे फिरावे.

हा निर्णय वाटेवर घेणे कठीण जाते. नवस बोललेला असतो, घरच्यांना शब्द दिलेला असतो, आणि ‘एवढे आलोच आहोत’ असे कोणीतरी म्हणतेच. म्हणून परत फिरण्याची वेळ घरून निघण्यापूर्वीच सर्वांसमक्ष ठरवावी व ती पाळण्याचा अधिकार एका जाणत्या व्यक्तीकडे द्यावा.

मधला दिवस मोकळा ठेवावा

तीन दिवसांच्या सुट्टीत चालण्याचे दिवस दोनच धरावेत व मधला दिवस राखीव ठेवावा. नियोजनाची ही मुख्य गोष्ट आहे.

पहिला दिवस : पहाटे कर्जतहून खांडस, सातच्या सुमारास चढाईस प्रारंभ, दुपारी माथ्यावर आगमन, विश्रांती व सायंदर्शन.

दुसरा दिवस : मुक्काम भीमाशंकर. पहाटे दर्शन, नागफणीच्या टोकावरून कोकणचे दर्शन, परिसरातील तीर्थे आणि दुपारनंतर विश्रांती.

तिसरा दिवस : सकाळी लवकर गुप्त भीमाशंकरमार्गे भोरगिरीकडे प्रस्थान, तेथून वाहनाने राजगुरुनगर व पुणे.

पहिल्या दिवशी मागे फिरावे लागले तर हा मधला दिवस उपयोगी पडतो. रात्री खांडस वा कर्जतला थांबून दुसऱ्या दिवशी पुणेमार्गे सडकेने भीमाशंकरला येता येते. पुण्याहून मंचर-घोडेगावमार्गे एस.टी.ची सोय आहे. तिसऱ्या दिवशीची भोरगिरीची पदयात्रा तरीही घडते. पायवाट सुटली तरी दर्शन सुटत नाही, हे मनाशी पक्के असले म्हणजे मागे फिरताना मन खंतावत नाही. एखाद्याचा पाय मुरगळला, पायाला फोड आले किंवा पाऊस आला, तरी याच दिवसाने यात्रा सावरता येते. ज्यांना दोनच दिवस मोकळे आहेत, त्यांनी सडकेने येऊन फक्त भोरगिरीची वाट चालावी.

काळ कोणता निवडावा

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ सर्वांत योग्य. नाताळ वा प्रजासत्ताक दिन शुक्रवारी किंवा सोमवारी आला की सलग तीन दिवस मिळतात. गांधी जयंतीची सुट्टी सोयीची वाटली तरी मान्सून महाराष्ट्रातून साधारणतः ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात परततो. त्या वेळी वाटा ओल्या, गवत माथ्यापर्यंत वाढलेले आणि दुपारी विजांसह पाऊस असा योग पुष्कळदा येतो. मार्च ते मे या काळात घाटात पाणी मिळत नाही व उन्हाचा त्रास होतो.

जून ते सप्टेंबर येथे अतिवृष्टी व दाट धुके असते. ओढे तासाभरात दुथडी भरतात. या काळात प्रशासन काही वाटांवर मनाईही करते व तिचे पालन करावे. महाशिवरात्री व श्रावणी सोमवार या दिवशी क्षेत्री मोठी गर्दी असते. त्या दिवशीचे दर्शन सडकेने करावे व ही पदयात्रा निवांत दिवसांसाठी ठेवावी. जोडसुट्ट्यांत निवासाच्या जागा लवकर भरतात, म्हणून राहण्याची सोय आधी पक्की करूनच निघावे. मंदिर परिसरातील बांधकामांमुळे दर्शनव्यवस्थेत बदल होऊ शकतो, त्याचीही पूर्वचौकशी करावी.

शरीराची तयारी, उपवास आणि नवस

निघण्यापूर्वी किमान महिनाभर रोज तासभर चालावे व आठवड्यातून एकदा चढाई करावी. पुण्यातील भाविकांना आतकरवाडीहून सिंहगड ही चांगली परीक्षा आहे, कारण ती चढाई सुमारे सहाशे मीटरची आहे. पाठीवर ओझे घेऊन ती न थकता जमली, तर गणेश घाट जमेल असे समजावे. हृदयविकार, रक्तदाब, दमा वा मधुमेह असलेल्यांनी वैद्यकीय सल्ला घ्यावा आणि नेहमीची औषधे हाताशी ठेवावीत.

पुष्कळ भाविक सोमवारचा उपवास धरून चढतात. निर्जळी उपवास चढाईच्या दिवशी करू नये. घाम व पाण्याच्या अभावामुळे भोवळ येते, आणि कड्याच्या वाटेवर भोवळ येणे हे प्राणावर बेतू शकते. ज्यांना उपवास मोडायचा नाही त्यांनी राजगिऱ्याचा लाडू, खजूर, शेंगदाण्याची चिक्की, उकडलेले रताळे असे पदार्थ थोड्या थोड्या वेळाने खावेत. मधुमेहींनी उपवासाने चढूच नये.

अनवाणी चालण्याचा नवस असल्यास तो मंदिराच्या पायऱ्यांवर व परिसरात फेडावा. घाटातील तापलेला खडक, काटे व सुटे दगड पायांस जखमा करतात, आणि एका व्यक्तीच्या जखमी पायाने सारा समूह रानात अडकतो.

सोबत घ्यावयाचे साहित्य

ओझे शरीराच्या वजनाच्या सहाव्या भागाहून अधिक नसावे. साठ किलो वजनाच्या व्यक्तीने दहा किलोच्या आतच सामान घ्यावे.

१. प्रत्येकी तीन लिटर पाणी. वाटेवरील झऱ्यांवर विसंबू नये, हिवाळा सरता सरता ते आटतात.
२. मीठ-साखरेचे मिश्रण : एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर व अर्धा चमचा मीठ.
३. खाचदार तळव्याचे, आधी वापरून सैल झालेले बूट आणि मोज्यांचा जादा जोड. नवे बूट घालून येऊ नये.
४. प्रत्येकाजवळ स्वतंत्र बॅटरी व जादा सेल. मोबाइलचा दिवा पुरेसा मानू नये.
५. पूर्ण बाह्यांचे सुती कपडे, टोपी, कानटोपी व स्वेटर. माथ्यावर हिवाळ्यात रात्री चांगलाच गारठा असतो.
६. पट्टी, जंतुनाशक, क्रेप बँडेज व नित्याची औषधे.
७. शिट्टी. वाट चुकल्यास ओरडून घसा बसतो, शिट्टी दूरवर ऐकू येते.
८. कचरा परत नेण्यासाठी पिशवी.

पूजासाहित्य क्षेत्री मिळते, ते पाठीवर वाहून आणण्याची गरज नाही.

अभयारण्यातील आचार

हा परिसर १९८५ मध्ये घोषित झालेल्या भीमाशंकर वन्यजीव अभयारण्याचा भाग आहे. सुमारे १३१ चौरस किलोमीटर क्षेत्राच्या या अरण्यात महाराष्ट्राचा राज्यप्राणी शेकरू वास करतो. ही मोठी खार उंच झाडांच्या शेंड्यांवर घरटी बांधते आणि फांद्यांच्या आधाराने एका झाडावरून दुसऱ्यावर जाते. झाडांची दाटी तुटली की तिचा मार्ग तुटतो. म्हणून फांद्या तोडू नयेत, रानात चूल वा शेकोटी पेटवू नये, तंबू ठोकू नये, ध्वनिवर्धक लावू नये. वन विभागाचे प्रवेश नियम पाळावेत. वानरांना प्रसाद खाऊ घालू नये, त्यामुळे ती माणसांच्या पिशव्यांवर झडप घालण्यास शिकतात.

एका धोक्याची विशेष सूचना आवश्यक आहे. सह्याद्रीच्या कड्यांना आग्या मोहोळांची पोळी असतात. धूर व उग्र सुगंध यांनी या माश्या उठतात. म्हणून घाटवाटेवर उदबत्ती, धूप, कापूर वा विडी पेटवू नये, अत्तर लावून चढू नये व पोळ्यांवर दगड मारू नये. माश्या उठल्याच तर हात न झाडता, डोके व चेहरा कापडाने झाकून, कड्याची कड सांभाळत त्या जागेपासून शक्य तितके दूर जावे. गणपतीस घाटात हात जोडून केलेला नमस्कार पुरेसा आहे, धूपारती माथ्यावर करावी.

भोरगिरीची वाट

तिसऱ्या दिवसाची वाट तुलनेने सौम्य आहे. मंदिरापासून पूर्वेस, रानातून, गुप्त भीमाशंकर हे स्थान लागते. पुढे बहुतांशी उताराची वाट तीन तासांच्या सुमारास भोरगिरी गावात पोहोचते. येथेही झाडी दाट असून फाटे आहेत, म्हणून जाणकार सोबत असावा व दुपारपूर्वीच गाव गाठावे. भोरगिरीस कोटेश्वराचे मंदिर आहे. परतीच्या एस.टी.च्या फेऱ्या मोजक्या असतात. त्यांच्या वेळा आदल्या दिवशीच विचारून ठेवाव्यात.

या वाटेवर भीमा नदीचा बालपणीचा प्रवाह सोबत असतो. येथे उगम पावलेली ही नदी पुढे पंढरपुरी चंद्रभागा म्हणून वंदिली जाते आणि ८६१ किलोमीटरचा प्रवास करून कृष्णेस मिळते. पंढरीच्या वाळवंटात उतरणारे पाणी येथून निघते, हे ध्यानी ठेवून उगमाजवळ साबण, निर्माल्य व प्लास्टिक प्रवाहात टाकू नये.

अडचण आल्यास

वाट चुकल्याचे ध्यानी येताच पुढे जाणे थांबवावे. शेवटच्या ओळखीच्या खुणेपर्यंत आल्या वाटेने परतावे. ओढ्याच्या पात्राने खाली उतरण्याचा मोह टाळावा, कारण सह्याद्रीतील ओढे कड्यावरून कोसळतात. अंधार पडल्यास कड्यापासून दूर, एकत्र बसून राहावे व ठराविक अंतराने शिट्टी वाजवावी. सर्पदंश झाल्यास जखम कापू अथवा चोखू नये, आवळपट्टी बांधू नये. तो अवयव न हलवता रुग्णास त्वरेने रुग्णालयात न्यावे. आपत्तीत ११२ व रुग्णवाहिकेसाठी १०८ हे क्रमांक उपयोगी आहेत. दरीत मोबाइलची रेंज अनेकदा नसते. म्हणून मार्ग, सोबत्यांची नावे व पोहोचण्याची वेळ घरी तसेच खांडस गावात सांगून निघावे, आणि माथ्यावर आल्यावर ‘सुखरूप पोहोचलो’ हा निरोप न चुकता द्यावा. परत फिरल्यासही तो निरोप द्यावा, अन्यथा खाली उतरलेल्यांचा शोध वर सुरू राहतो.

देणगीदार भाविकांसाठी

घाटवाटेवर काही सोय करावी अशी इच्छा अनेक दात्यांची असते. अभयारण्यात कोणतेही बांधकाम, फलक वा पाणपोई वन विभागाच्या परवानगीवाचून उभारता येत नाही. मात्र पायथ्याच्या व माथ्याच्या गावांत महादेव कोळी व अन्य समाजाची जी कुटुंबे वाटाड्याचे काम करतात, यात्रेकरूंना जेवण देतात आणि अपघातसमयी प्रथम धावून जातात, त्यांच्या उपयोगी पडणे हा या वाटेचाच सांभाळ आहे. त्यांच्या घरी पैसे देऊन जेवावे. प्रथमोपचाराचे साहित्य, स्ट्रेचर, दोर, बॅटऱ्या अशा वस्तू ग्रामपंचायतीच्या संमतीने गावात देता येतील. अशा दानाचा उपयोग एखाद्या रात्री कोणाचा तरी जीव वाचविण्यास होऊ शकतो.

मंदिराच्या शिखराचे काम नाना फडणवीसांनी करविले, असे परंपरा सांगते. मंदिरापुढील मोठी घंटा चिमाजी अप्पांच्या १७३९ च्या वसई विजयानंतर येथे आली, असेही सांगितले जाते. त्या काळापासून किती पिढ्यांचे यात्रेकरू कोकणातून हा घाट चढून आले, याची गणती नाही. त्यांना सुट्टीची घाई नव्हती. ढग उतरले की ते पायथ्याच्या गावी थांबत व उघडीप झाली की निघत. आजच्या यात्रेकरूस तेवढी सवड नाही, परंतु तीन दिवसांतला एक दिवस तो राखून ठेवू शकतो. घरून निघालेले सर्वजण घरी सुखरूप परतले म्हणजेच यात्रा सुफळ संपूर्ण झाली असे मानावे. सर्व पदयात्रींचा प्रवास निर्विघ्न होवो, हीच श्रीचरणी प्रार्थना.